एनव्हिडिया कार्डासाठी नूव्हो की कंपनीचा ड्रायव्हर?

लिनक्सवर एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असले की दोन मार्ग समोर असतात: कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येणारा मुक्तस्रोत नूव्हो, किंवा कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. नूव्होसाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि कर्नल बदलला की तोही आपोआप बदलतो. मात्र 2014 मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) सक्तीचे झाल्याने नूव्होला कार्डाचा वेग वाढवता येईना, आणि दमदार कार्डेही सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून राहिली. ट्युरिंग या नंतरच्या पिढीच्या व त्यापुढील कार्डांची ही अडचण जानेवारी 2024 मधील कर्नल 6.7 पासून जीएसपीच्या (कार्डावरील नियंत्रक प्रोसेसरच्या) फर्मवेअरच्या आधाराने बरीच सुटली.

कंपनीचा ड्रायव्हर वेगवान आहे, आणि कुडा (कार्डावर गणिती कामे चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली) वापरायचे असेल तर त्याला पर्याय नाही. पण त्याचे मोड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) अनेकदा प्रत्येक नव्या कर्नलसाठी डीकेएमएस या साधनाद्वारे पुन्हा तयार व्हावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील, किंवा सिक्युअर बूट (केवळ स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना मोड्यूलवर नोंदणीकृत किल्लीची स्वाक्षरी नसेल, तर अपडेटनंतर काळ्या पडद्याशी गाठ पडू शकते. अशा वेळी घाईने सगळी प्रणाली नव्याने बसवण्याची (हा उपाय अनेकांच्या फारच आवडीचा!) मुळीच गरज नसते, संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडला की डेस्कटॉप बहुधा परत येतो. नूव्होमुळेच पडदा गोठत असेल, तर त्याच यादीत ‘ई’ कळ दाबून कर्नलच्या ओळीअखेरीस ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा पर्याय रोमन लिपीत जोडावा.

केवळ लेखन व ब्राउझर एवढेच काम असेल, तर मी नूव्होच ठेवीन.