डिझेल स्विफ्टला सेकंडहँड इंजिन: आठ महिन्यांनंतर

इंजिनाला पाचपैकी साडेचार. बसवणाऱ्या गॅरेजला दीड, त्यातला अर्धा चहाचा. पाच महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर इंजिन विकणाऱ्याला मी शून्य दिला असता, आणि ते चुकीचं ठरलं असतं.

इंजिन तेच १२४८ सीसीचं, ७५ पीएस, १९० एनएमवालं. कट गाडीतलं, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतलं, कोल्हापूरकडून आलेलं. स्टार्टिंग एका सेल्फात, आवाज सारखा, ऑइलचा दिवा लगेच विझतो. सुरुवातीला तक्रार एकच, गाडी ओढत नाही. तिसऱ्या गियरला २००० आरपीएमच्या आसपास टर्बोचा (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) जो रेटा जाणवायला हवा तो नाही, नुसता घोंघाट आणि मागून काळा धूर. गोव्यातल्या केरीकडून चोर्ला घाट चढताना तिसरा गियर टिकतच नाही. ऊस सुरू झाला की निपाणी-चिकोडी रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला जो दम लागतो, तो १८०० ते २५०० मध्येच लागतो. नेमका तोच गायब.

गॅरेजचा निकाल ठरलेला: "जुनं इंजिन आहे की, एवढंच ओढणार." पुरावा म्हणून न्यूट्रलमध्ये रेस मारून दाखवतात. बघा, चार हजारला जातंय. न्यूट्रलमध्ये इंजिनावर ओझं नसतं, डिझेल थोडंच पडतं, एक्झॉस्टला जोर नसतो आणि टर्बो दाब जवळजवळ बनवतच नाही. उभ्या गाडीच्या रेसवर पिकअपचा निकाल देणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका.

खरं कारण शोधायला गाडीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर आकडे दाखवणारा, ब्लूटूथवाला साधा ईएलएम ३२७ स्कॅनर पुरतो. चेक इंजिनचा दिवा नाही, कोडही नाही, म्हणून सगळं ठीक असं मात्र समजू नका. आधी किल्ली ऑन, इंजिन बंद. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) आणि बॅरोमीटर (बाहेरच्या हवेचा दाब) हे दोन आकडे जुळले पाहिजेत. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे ९२-९३ केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) दिसतो. इंटरनेटवरचा १०१ चा आकडा समुद्रकाठचा, तो बघून सेन्सर बदलायला धावू नका. मग शेजारी कुणाला तरी मोबाइल घेऊन बसवा, तिसरा गियर, १५०० पासून पूर्ण ॲक्सिलरेटर. मॅप २०० च्या आसपास चढायला हवा. माझ्याकडे १४० वर अडकत होता. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मात्र मागेल तेवढं मिळत होतं. म्हणजे डिझेल ठीक, हवा कमी.

हवा कमी पडत होती ती पाइपाच्या एका क्लिपेमुळे. आता तिच्याबद्दल, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा जाड रबरी पाइप इंजिन काढताना सुटतो. इंटरकूलरच्या नळीच्या टोकाला एक उंच कड असते. पाइप त्या कडेच्या पलीकडे चढवायचा आणि क्लिप कडेच्या मागे आवळायची, म्हणजे दाबाखाली पाइप सरकत नाही. इथे क्लिप बसवली होती बरोब्बर कडेवर. तीही कंपनीची नाही, हार्डवेअरच्या दुकानातली स्क्रूवाली पातळ पट्टी, तिच्या खाचांनी रबरात दात रुतवलेले. हाताने हलवून बघितलं तर घट्ट. पण टर्बोच्या पाइपात आतून थोडं तेल असतंच. एक बारच्या दाबाला तेलकट रबर कडेवरून केसभर मागे सरकतं, हवा फुस्स होते, ॲक्सिलरेटर सोडला की परत बसतं. खूण काय, तर सांध्याभोवती काळपट ओलसर कडं आणि त्यावर चिकटलेली धूळ.

काळा धूरही त्याचाच. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर एअर फिल्टरशेजारी असतो, हवा गळते ती त्याच्या पुढे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, सिलिंडरपर्यंत तेवढी हवा पोचतच नाही.

गळती शोधायचं साधन प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. पीव्हीसीची एंड कॅप घ्या, भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, काम पंक्चरवालाही करून देतो. एअरफ्लो सेन्सरच्या पुढचा टर्बोकडे जाणारा पाइप सोडवून ही कॅप त्यात आवळायची. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा) याच नळीला येऊन मिळतो, तो आधी काढून दोन्ही तोंडं बंद करा. नाहीतर दाब थेट इंजिनाच्या पोटात जाईल, डिपस्टिक उडेल, सीलही जाईल. रेग्युलेटर लावून १५ पीएसआय, त्यापुढे नाही. सांध्यांवर साबणाचं पाणी. एखाद्या उघड्या व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडे बारीक हिस्स येईल, ते चालतं. सांध्यावर बुडबुडे आले की तो सांधा सोडवा, पाइप आणि नळी पेट्रोलने पुसून कोरडी करा, टी-बोल्टची क्लिप (बिनखाचांची रुंद पट्टी, बोल्टने आवळायची) कडेच्या मागे घाला. पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळा, रबर बसतं.

क्लिप बदलल्यावर मॅप लगेच २०५. इंजिनवाल्याला मनात घातलेल्या शिव्या परत घेतल्या.

मग वाटलं संपलं, तर आयडलला हलकी थरथर आणि थंडीत पांढुरका धूर उरलाच. इंजेक्टर नव्या इंजिनाबरोबर आले होते, ईसीयूमध्ये कोड मात्र जुन्यांचेच. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर त्याचा कोड कोरलेला असतो, तो सिलिंडरच्या क्रमाने मोठ्या स्कॅनरने भरावा लागतो. साध्या स्कॅनरचं हे काम नव्हे. यामुळे पिकअपमध्ये फार फरक पडला नाही, थरथर गेली. इंजिन उतरवलेलं असतानाच कोडचे फोटो काढले असते तर दुसऱ्यांदा मजुरी पडली नसती.

तुमचा मॅप २०० ला जात असेल आणि तरी ओढत नसेल तर क्लच बघा. चौथ्या गियरला ५० च्या वेगात पूर्ण ॲक्सिलरेटर, आरपीएम उड्या मारतं आणि स्पीडचा काटा हलत नाही, म्हणजे प्लेट सरकतेय. इंजिन खाली असताना प्लेट आणि मागचं क्रँक सील न बदलणं ही सगळ्यात महागडी काटकसर. जुनं इंजिन टर्बोने तेल प्यायल्यामुळे गेलं असेल तर इंटरकूलर उलटा करून आधी धुवा. आत तेल आणि कधी धातूचा चुराही असतो. त्याच तेलाने कॅटलिटिक कन्व्हर्टर तुंबलेला असू शकतो. त्याच्या आधीचा जोड थोडा सैल करून एक छोटी फेरी मारा. आवाज कर्कश्श होईल, पण गाडी सुटली तर चोर तोच. रेल प्रेशर मागणीपेक्षा खाली राहत असेल तर डिझेल फिल्टर आणि हवा ओढणारे सांधे.

'ताकदवान पडेल' म्हणून ९० पीएसचं इंजिन घेऊ नका. त्याचा टर्बो व्हॅक्यूमवर पाती हलवणारा. ७५ पीएसच्या ईसीयूला ती चालवताच येत नाहीत, व्हॅक्यूम नसला की पाती उघडी राहतात आणि खालचा दम ७५ पेक्षाही कमी.

इंजिन क्रमांक आरसीवर चढवायला आरटीओत विकणाऱ्याचं बिल लागतं, त्यावर क्रमांक स्पष्ट हवा. विम्यालाही कळवा.

आणि जुन्या इंजिनाच्या क्लिपा, ब्रॅकेट, बोल्ट एका पिशवीत मागून घ्या, बिल द्यायच्या आधी. माझ्या स्विफ्टच्या मूळ क्लिपा कुठे गेल्या, याचं उत्तर त्या गॅरेजने अजून दिलेलं नाही.