आठ महिने वापरलेलं नावांचं पुस्तक

वहिनीला सातवा लागला तेव्हा नागपुरात बर्डीच्या फुटपाथवरून घासाघीस करून ऐंशी रुपयांत आणलं. बारसं होऊन पाच महिने झाले, तरी ते टीव्हीजवळच पडलेलं असतं. घरी येणारा प्रत्येक जण आधी स्वतःचंच नाव काढून बघतो.

कामाचा निघाला तो मागचा तक्ता. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, एकूण १०८ अक्षरं. आमची पोरगी नेमकी हस्ताच्या तिसऱ्या चरणावर आली. अक्षर 'ण'! आता 'ण'वरून नाव काय ठेवता? पुस्तकानं ते पानच गाळलंय. शेवटी आईच म्हणाली, "कन्या रास आहे न, मग 'प'वरून पाहा." पूर्वा ठेवलं. हस्तावर जन्मलेली पूर्वा!

अर्थांच्या बाबतीत मात्र पुस्तकावर डोळे झाकून विसंबू नका. 'आरव' म्हणजे शांत, असं छापलंय. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. शांत असतो तो नीरव. (भाचा आरव आहे. नाव शोभतं त्याला.) 'अनिकेत'ला जगाचा स्वामी करून टाकलंय, अ-निकेत म्हणजे ज्याला घर नाही तो, गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण म्हणून आलेला. 'कियारा'पुढे 'संस्कृत' लिहिलंय, पण इटलीत हे नाव जुनंच आहे अन् अर्थ उजळ, स्वच्छ. आईबापाला जे ऐकायला आवडेल ते छापायचं, असा एकूण हिशोब.

सगळ्यात खटकलं ते 'राहुल : कार्यक्षम'. मित्र राहुल वाचून हसतच सुटला. दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या स्टॉलवर तासन् तास उभा राहणारा माणूस तो. म्हणाला, पाली परंपरेत मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा सिद्धार्थ म्हणाला होता, राहुल जन्मला, बंधन जन्मलं. नागपुरात विकायच्या पुस्तकात एवढं तरी नको का? सुजाता, यशोधरा, महामाया यांच्याही वाट्याला एकेक शब्दच आलाय.

कागद पातळ आहे, बांधणी दुसऱ्याच महिन्यात सुटली. नावांची यादी म्हणून घ्या, अर्थ शब्दकोशात तपासा.

अन् एक. आमच्या आजोबांचं नाव धोंडबा. आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून यमाची नजर पडू नये असं दगडाचं नाव ठेवलं होतं. दगडू, केरू, उकिरडा ही त्याच घरची नावं. ती या पुस्तकात कुठेच नाहीत. आजोबा नव्वदीपर्यंत जगले.