तेल महागलं म्हणून लाकडाकडे वळताय? आधी ढीग कुठे रचणार ते ठरवा

घर गरम ठेवायला जे तेल जाळतो त्याची टाकी भरल्याचं बिल हातात पडलं की लाकडाचा विचार मनात येतोच. माझ्याही आला होता. तेलाच्या बॉयलरवर चालणाऱ्या घरात मी लाकडाची बंद शेगडी बसवून घेतली, त्याला आता नऊ हिवाळे झाले. बॉयलर काढला नाही, दोन्ही वापरते. त्यामुळे "आम्हीही करावं का?" असं कुणी विचारलं की मी किमतीचं बोलायच्या आधी एक प्रश्न विचारते: लाकूड ठेवायला कोरडी जागा आहे का, आणि दोन वर्षं थांबायची तयारी आहे का? या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच पुढची तुलना करण्यात अर्थ आहे.

आधी आकडे, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते

एक लिटर तेलात सुमारे १० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता असते. नीट वाळलेल्या, म्हणजे २० टक्क्यांच्या आत ओल असलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४ युनिट. पण ही झाली इंधनातली उष्णता. त्यातली घरात किती उतरते, ते कशात जाळता यावर आहे. चांगल्या स्थितीतला बॉयलर ८५ ते ९० टक्के देतो. काचेच्या दाराची, हवा कमी-जास्त करता येणारी बंद शेगडी ७० ते ८० टक्के. भिंतीतली उघडी फायरप्लेस मात्र १० ते २० टक्क्यांच्याच घरात, कारण तिच्या ज्वाळा खोलीतली तापलेली हवासुद्धा धुराड्यातून वर ओढून नेतात. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळून तेल वाचवू म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, वाचणार नाही. ती शोभेची आग आहे.

म्हणजे बंद शेगडीत जवळजवळ तीन किलो कोरडं लाकूड जाळलं की एक लिटर तेलाचं काम होतं. तुमच्याकडे तीन किलो लाकूड एका लिटर तेलापेक्षा स्वस्त पडत असेल तर इंधनाच्या खर्चात लाकूड जिंकलं. मग शेगडी, धुराड्यात सोडायचा स्टीलचा नळ आणि वर्षातून एकदा धुराड्याची सफाई हा खर्च वरून धरा, आणि तो किती वर्षांत भरून निघतो ते बघा.

गोम अशी की लाकूड बहुधा किलोवर मिळत नाही, घनमीटरवर मिळतं. आणि घनमीटर घनमीटरमध्ये फरक असतो. नीट रचलेल्या एका घनमीटरमध्ये खरं लाकूड ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी फटींतली हवा. ट्रकमधून नुसतं ओतलेलं असेल तर निम्मं किंवा त्याहूनही कमी. भाव विचारताना "रचलेलं की ओतलेलं?" हे विचारायला विसरू नका. दुसरं असं, की किलोमागे उष्णता सगळ्या लाकडांत थोड्याफार फरकानं सारखीच, पण ओक किंवा बीच हे जड लाकूड स्प्रूससारख्या हलक्या लाकडाच्या जवळपास दीडपट भरतं. म्हणून तेवढ्याच जागेत ते जास्त उष्णता देतं.

वर्षाला २,००० लिटर तेल पिणारं घर पूर्णपणे लाकडावर आणायचं तर सहा टनांच्या आसपास लाकूड लागेल. रचून ठेवलं तर बीचचे सुमारे १२ घनमीटर, स्प्रूसचे १६-१७. तेवढं तेल दोन घनमीटरच्या टाकीत मावतं आणि पाइपमधून येतं. लाकूड मात्र ट्रकपासून ढिगाकडे, ढिगाकडून ओसरीवर, ओसरीवरून शेगडीत असं तीन-चार वेळा हातातून जातं. आत्ता तुम्ही धडधाकट असाल. पाठ धरलेल्या आठवड्यात हे कोण करणार, तेही धरून चाला.

ओल: सगळं इथे ठरतं

नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनानं निम्मं पाणी असू शकतं. असं एक टन लाकूड २० टक्क्यांवर येईपर्यंत त्यातून पावणेचारशे लिटर पाणी उडून जावं लागतं. ते ऊन-वाऱ्यानं उडवलं तर फुकट. नाही उडवलं, तर शेगडीत तुमच्याच आगीला ते उकळवावं लागतं. ओल्या लाकडाच्या किलोत दोन-सव्वादोन युनिटच हाती लागतात, आणि तीही नीट नाही. आग थंड राहते आणि लाकडातून निघणारे वायू न जळताच वर जातात. हे वायू पुरते जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. न जळलेले वायू धुराड्याच्या थंड भिंतीवर डांबरासारखे साचतात. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर एक दिवस पेटला तर धुराड्यातच आग लागते, आणि तिचा आवाज विमान जवळून गेल्यासारखा येतो.

माझा पहिला हिवाळा असाच गेला. विकणाऱ्यानं "एकदम कोरडं" म्हणून दिलेलं लाकूड मी विश्वासानं घेतलं. फोडी टाकल्या की टोकांतून पाण्याचे बुडबुडे येऊन चुरचुरायचे. अर्ध्या तासात काच काळी व्हायची. खोली तापायची नाही आणि बॉयलर चालूच राहायचा. त्या वर्षी मी तेलाचेही पैसे दिले आणि लाकडाचेही.

तेव्हापासून लाकूड उतरवून घ्यायच्या आधी मी दोन फोडी एकमेकींवर आपटते. कोरड्या असतील तर "टण्" असा खणखणीत आवाज येतो, ओल्या असतील तर नुसतं "थप". कोरड्या फोडीच्या टोकाला चाकाच्या आऱ्यांसारख्या भेगा पडलेल्या असतात, साल सुटायला आलेली असते, आणि हातात घेतली की अपेक्षेपेक्षा हलकी लागते. मग ओल मोजायचं छोटं यंत्र. त्याचे काटे बाहेरच्या बाजूला टोचून उपयोग नाही, बाहेरचा भाग लवकर वाळतो. फोड ताजी चिरायची आणि आतल्या बाजूला टोचायचे. इंग्लंडमध्ये तर मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं असेल तर त्यात २० टक्क्यांहून जास्त ओल चालत नाही, असा कायदाच झाला आहे.

वाळवायचं म्हणजे आधी फोडायचं. साल असलेला अख्खा ओंडका वर्षानुवर्षं आतून ओला राहतो. फोडी जमिनीपासून वर उचलून रचायच्या, वरून झाकायचं, बाजू उघड्या ठेवायच्या. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आतली ओल आतच कुजते. हलक्या लाकडाला एक पूर्ण उन्हाळा पुरू शकतो, ओकला दोन वर्षं द्यावीच लागतात. म्हणजे आज तेल महागलं म्हणून आज घेतलेलं ओलं लाकूड तुमचा येता हिवाळा वाचवणार नाही.

आणि तयार कोरडं घेऊ म्हणाल, तर तेलाच्या भावाबरोबर तेही चढतं. १९७३ च्या तेलटंचाईत कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला, तेव्हा लोक असेच लाकडाकडे धावले. २०२२ मध्ये युरोपात तेच झालं. सगळे एकदम वळले आणि जळणाचे भावही वर गेले. त्या वेळी निभावलं ते आधीच ढीग रचून बसलेल्यांचं.

धूर

या बाबतीत मला मधलं काही बोलता येत नाही. चांगली शेगडी आणि कोरडं लाकूड असूनही लाकडाचा धूर तेलाच्या बॉयलरपेक्षा कितीतरी जास्त बारीक कण सोडतो. हे कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये अशा कणांसाठी वर्षाची सरासरी मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आधी ती १० होती. अमेरिकेनं शेगड्यांच्या धुरावर १९८८ मध्ये पहिल्यांदा मर्यादा घातली आणि २०२० मध्ये ती आणखी कडक केली. घरात दम्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, घरं एकमेकांना खेटून असतील, किंवा गाव दरीत असून हिवाळ्यात हवा कोंडत असेल, तर लाकूड स्वस्त पडत असलं तरी मी नको म्हणेन. धूर शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जातो आणि त्याला तुमच्या बचतीतलं काही मिळत नाही.

धूर कमी करायचा तर छोटी, गरम, भरपूर हवेची आग हवी. रात्री झोपताना शेगडी ठासून भरायची आणि हवा बंद करायची ही सवय सगळ्यात वाईट. धूरही तेव्हाच सर्वांत जास्त होतो आणि क्रिओसोटही. म्हणूनच गरजेपेक्षा मोठी शेगडी घेऊ नका. चांगलं इन्सुलेशन (उष्णता बाहेर जाऊ न देणारं आवरण) असलेल्या खोलीला ५ किलोवॅट बहुधा पुरतात. १० ची घेतली की उकडायला लागतं, मग हवा कोंडावी लागते आणि आग धुमसत राहते. स्वीडनमध्ये १७६७ साली क्रोनस्टेड आणि व्रेडे या दोघांनी यावर सुंदर तोड काढली. विटांच्या उंच भट्टीत धुराला वर-खाली वळणं दिली, म्हणजे थोडा वेळ धडाडून आग करायची आणि तापलेल्या विटांनी पुढे कितीतरी तास ऊब देत राहायचं. तशी भट्टी आजही बांधून मिळते. जागा आणि पैसा असेल तर माझी पसंती तिलाच.

रोजच्या वापरात

तेलाचं सुख म्हणजे त्याची आठवण ठेवावी लागत नाही. पहाटे घर आपोआप तापतं, नळाला गरम पाणी येतं, चार दिवस गावाला गेलात तरी पाइप गोठत नाहीत. शेगडी एक खोली तापवते, फार तर लगतच्या दोन. बॉयलर पूर्ण बंद करून फक्त शेगडीवर राहिलात तर कडाक्याच्या थंडीत लांबच्या न्हाणीघरातले पाइप गोठून फुटू शकतात, आणि त्या दुरुस्तीत वर्षाची बचत जाईल.

लाकडाची एक जमेची बाजू तेलाकडे नाही. वीज गेली की बॉयलर बंद, कारण त्याचा बर्नर आणि पंप विजेवर चालतात. साधी शेगडी चालू राहते.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्हीकडे हवाच, लाकूड असेल तर जास्तच. घट्ट बंद घरात स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा जोरात लावला तर तो शेगडीचा धूर उलटा खोलीत ओढू शकतो. आणि राख! वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात. झाकणाची पत्र्याची बादली, ती घराबाहेर आणि लाकडी ओसरीपासून लांब.

पेलेट, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या, हा मधला मार्ग. दोन किलोंच्या थोड्या वर पेलेट म्हणजे एक लिटर तेल. ओल १० टक्क्यांच्या आत, धूर कमी, आग आपोआप चालते. पण वीज लागते आणि भाव कारखान्याच्या हातात. बंद कोठारात साठवलेल्या पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्यामुळे कोठारात शिरण्याआधी ते हवेशीर करून घ्यायचं. बॉयलर तसाही बदलायला झाला असेल तर हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणाऱ्या यंत्राचा, भाव आधी काढा. एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता आत आणतो.

कुणी काय करावं

छतात इन्सुलेशन नसेल तर पहिला पैसा तिथे. ते केल्यावर तेलही कमी लागतं आणि लाकूडही.

मोकळी जागा, अंगमेहनतीची तयारी आणि खात्रीचं लाकूड असेल तर बसण्याच्या खोलीत एक चांगली बंद शेगडी बसवा आणि बॉयलर राहू द्या. संध्याकाळी शेगडी, पहाटे आणि गावाला गेल्यावर तेल. मी हेच करते, आणि माझं तेल निम्म्याच्या जवळ आलं आहे. त्याहून पुढे जायचा हट्ट मी धरला नाही, कारण उरलेलं निम्मं वाचवायला लागणारे कष्ट दुपटीहून जास्त आहेत. नोकरीमुळे दिवसभर घर बंद असेल, जागा नसेल किंवा घरात कुणाला श्वासाचा त्रास असेल तर तेलावरच राहा, बॉयलरची सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि खोल्यांचं तापमान एखाद अंशानं उतरवा.

शेगडी घ्यायचं पक्कं असेल तर क्रम उलटा ठेवा. आधी जाणकाराकडून धुराडं तपासून घ्या, विमा कंपनीला कळवा, ढिगाची जागा बांधा, लाकूड भरा. शेगडी सगळ्यात शेवटी. माझ्याकडे आता तीन ढीग आहेत. प्रत्येकाच्या कडेच्या फोडीवर खडूनं साल लिहिलेलं असतं, आणि या हिवाळ्यात दोन वर्षांपूर्वीचं साल लिहिलेलाच ढीग फुटतो.