मुलगी फुटबॉलमध्ये डिफेंडर असेल तर मॅच व्हिडिओ सर्व्हिस घ्यावी का? आमचा अनुभव

रेटिंग पाचपैकी चार. पण ते चार फक्त मोठ्या पॅकेजला, ज्यात पूर्ण मैदानाचा व्ह्यू आणि टॅगिंग येतं. नुसती हायलाइट रील बनवून देणारं स्वस्तातलं पॅकेज आहे त्याला मी दोनच देईन, तेही एडिटिंग सफाईदार असतं म्हणून. आमची लेक सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध खेळणारी डिफेंडर. हायस्कूलपासून इथे अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरच्या शेवटच्या सीझनपर्यंत हीच सर्व्हिस वापरली, तिचं अख्खं करिअर या एका अकाउंटवर आहे असं म्हटलं तरी चालेल. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण या प्रकारच्या सर्व्हिसेस बऱ्याच आहेत आणि कुठलीही घेतली तरी डिफेंडरच्या घरच्यांना बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

काम कसं चालतं ते आधी सांगते. मैदानाच्या मधोमध साइडलाइनला उंच स्टँडवर कॅमेरा लावायचा, तो आपोआप बॉलच्या मागे फिरतो, मॅच झाली की रेकॉर्डिंग अपलोड करायचं, मग त्यांची सिस्टिम पास, हेडर, टॅकल, इंटरसेप्शन असं सगळं टॅग करते आणि जर्सी नंबर टाकला की त्या मुलीच्या क्लिप्स वेगळ्या निघतात. फॉरवर्ड मुलींसाठी हे अगदी झकास आहे. बॉल जिथे, कॅमेरा तिथे, आणि फॉरवर्डचं जे काही बघायचं असतं ते बॉलजवळच होतं.

सेंटर बॅकचं तसं नसतं ना. आपली टीम अटॅकला गेलेली असते तेव्हा ती हाफ लाइनपाशी उभी राहून पुढच्या धोक्याची तयारी करत असते, समोरच्या स्ट्रायकरला कोण पकडणार ते ठरवते, फुल बॅकला ओरडून आत बोलावते, बॅक लाइन चार पावलं वर घेते म्हणजे ऑफसाइड मिळेल. आणि नेमकी तेव्हा ती फ्रेमच्या बाहेर! बॉल सुटला आणि काउंटर अटॅक आला की कॅमेरा गर्रकन वळतो आणि आपल्याला दिसतं की आपली मुलगी आधीच बरोबर जागेवर उभी आहे, पण ती तिथे कशी पोचली, कधी ओळखलं, ते गेलं. खरं कौशल्य त्याच दोन-तीन सेकंदांत असतं. म्हणून म्हणते की वाइड व्ह्यूचे जास्त पैसे जातात ते जाऊ द्या. त्यात अख्खं मैदान सतत रेकॉर्ड होतं आणि नंतर घरी बसून हव्या त्या कोपऱ्यात झूम करता येतं. पिक्चर थोडं फाटतं झूम केल्यावर, वारा असला की स्टँड हलतो, पण चालतं.

आता रील. ते लोक सगळ्यांची एकाच साच्यात बनवतात, म्युझिक, नावाभोवती गोल, स्लाइडिंग टॅकल, जोरात मारलेला क्लिअरन्स, कॉर्नरवर केलेला एखादा गोल. बघायला मस्त वाटतं पण डिफेंडरला स्लाइड टॅकल करावा लागला म्हणजे बऱ्याचदा आधी पोझिशन चुकलेली असते, आणि कॉलेजच्या कोचना हे आपल्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या लेकीने स्वतः क्लिप्स निवडल्या. दबावाखाली पहिला टच कसा घेते, डाव्या पायाने पास देते का, स्ट्रायकरला वळू न देता बाहेर कशी ढकलते, पार्टनर पुढे गेली की मागची जागा कशी भरते. म्युझिक काढून टाकलं आणि रीलखाली पूर्ण मॅचच्या दोन लिंक दिल्या, ज्यातली एक हरलेली मॅच होती. ज्या कोचेसनी नंतर फोन केले त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं की त्यांनी पूर्ण मॅच बघितलीये, आणि हरलेल्या मॅचबद्दल त्यांनी जास्त विचारलं, गोल खाल्ल्यावर ती काय करते हे त्यांना बघायचं असतं.

टायमिंगही लक्षात घ्या. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संस्था, तिच्या नियमाप्रमाणे डिव्हिजन वनचे (सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजांचे) कोच मुलीशी रिक्रूटिंगचं थेट बोलणं दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासूनच सुरू करू शकतात. मुलगी त्याआधी ईमेल पाठवू शकते, उत्तर येत नाही म्हणून नाराज व्हायचं नाही, फिल्म बघितली जात असते. म्हणजे सर्व्हिस घ्यायची तर त्याच्या किमान एक सीझन आधी घ्या. स्कॉलरशिपचं गणित सुद्धा आधी समजून घेतलेलं बरं, आमच्या वेळी डिव्हिजन वनच्या महिला टीमला जास्तीत जास्त १४ फुल स्कॉलरशिप्सएवढे पैसे असायचे आणि ते वीस-पंचवीस मुलींत वाटले जायचे, त्यामुळे पूर्ण फी माफ झालेल्या मुली कमीच. २०२५ पासून बऱ्याच कॉलेजांत ती मर्यादा गेली आणि त्याजागी रोस्टरवरच, म्हणजे टीममधल्या एकूण मुलींवरच, २८ ची मर्यादा आली, म्हणजे पैसे वाढू शकतात पण जागा मोजक्या, फिल्मचं महत्त्व त्यामुळे उलट वाढलंच आहे.

टॅगिंगबद्दल तक्रार आहे आणि ती खरी आहे. सिस्टिम जर्सी नंबर चुकवते, संध्याकाळच्या उन्हात तर हमखास, दुसऱ्या सेंटर बॅकचे हेडर आमच्या लेकीच्या खात्यात आणि हिचे तिच्या खात्यात. आणि जिथे पासच येऊ दिला नाही, स्ट्रायकरला इतकं झाकून ठेवलं की बॉल दुसरीकडे गेला, तिथे टॅग शून्य. सपोर्टला लिहिलं तर उत्तर नम्र येतं पण दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. दर मॅचमागे एक-दीड तास धरून चाला.

कॉलेजमध्ये गेल्यावर हे बंद करावं असं वाटत होतं, कारण टीमचं स्वतःचं व्हिडिओ ॲनालिसिस असतं. चालू ठेवलं ते बरं झालं. कॉलेजचा ऑफिशियल बॉक्स स्कोअर बघा, त्यात गोल, असिस्ट, शॉट, कार्ड, मिनिटं एवढंच. टॅकल नाही, इंटरसेप्शन नाही. सगळे सीझन स्टार्ट केलेल्या डिफेंडरच्या नावापुढे दोन गोल एक असिस्ट आणि बस, बाकी टीमच्या क्लीन शीट्स, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅचेस. तिने केलेलं काम कुठे लिहिलेलंच नसतं, ते फक्त व्हिडिओत असतं.

आणि कॉलेज सॉकरचे नियम डिफेंडरची परीक्षा बघणारे आहेत. सबस्टिट्यूशन भरपूर, सेकंड हाफमध्ये बाहेर गेलेली मुलगी एकदा परत येऊ शकते, त्यामुळे समोरच्या टीमच्या फॉरवर्ड्स विश्रांती घेऊन ताज्या होऊन येतात आणि सेंटर बॅक मात्र बहुतेक वेळा पूर्ण ९० मिनिटं आतच, त्यात गुरुवारी मॅच आणि रविवारी परत मॅच. २०२२ पासून रेग्युलर सीझनमधला ओव्हरटाइम काढला हे फार चांगलं केलं. आम्ही तिच्या शेवटच्या पंधरा मिनिटांच्या क्लिप्स वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचो, थकल्यावर वळायला किती वेळ लागतो, लाइन खाली सरकते का, हे सलग बघितलं की तिचं तिलाच दिसायचं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो लेकीचा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, गेल्यानंतर. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, घरात एकदा झाली की कळतं किती लांब रस्ता असतो तो. अख्खा सीझन रेडशर्ट, म्हणजे खेळायचं नाही पण खेळण्याचं एक वर्ष शिल्लक राहतं. त्या काळात ती जुन्या मॅचेस बघत बसायची आणि परत आल्यावर आधीचं नि नंतरचं वळणं शेजारी शेजारी लावून फिजिओला दाखवायची. अमेरिकेची सेंटर बॅक नेओमी गिर्मा, तिचाही एसीएल स्टॅनफर्डमध्ये असताना गेला होता, तरी २०२२ च्या एनडब्ल्यूएसएल ड्राफ्टमध्ये (इथल्या महिलांच्या प्रोफेशनल लीगचे क्लब कॉलेजच्या मुली पाळीपाळीने निवडायचे तो) तिचं नाव पहिलं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिला घेतलं तेव्हा महिला फुटबॉलमधला दहा लाख डॉलरच्या वरचा तो पहिला सौदा ठरला, एका सेंटर बॅकसाठी! त्या काळात हे नाव आमच्या घरात रोज निघायचं. तशा २०१६ ला एमिली सॉनेट, २०१९ ला टिअर्ना डेव्हिडसन, २०२१ ला एमिली फॉक्स, या पण पहिल्या नंबरवर गेलेल्या डिफेंडरच. ज्यांना खेळ कळतो ते गोल मोजत बसत नाहीत. आता तो ड्राफ्टच बंद झालाय, लीग आणि खेळाडूंच्या युनियनच्या २०२४ च्या करारात काढून टाकला, क्लब थेट मुलींशी बोलतात, म्हणजे तिथेही फिल्म तयार हवी.

लेकीने नंतर ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) नाव टाकलं तेव्हाही हीच लायब्ररी कामाला आली. पोर्टलमध्ये सगळं भराभर होतं, कोच आज फोन करतो आणि आजच दोन मॅच मागतो. बाकीच्या मुली जुन्या टीमकडे व्हिडिओ मागत होत्या, हिने तासाभरात लिंक पाठवल्या. शेवटची दोन वर्षं ती नव्या कॉलेजमध्ये मनासारखं खेळली, कॅप्टनचा आर्मबँडही घातला, मला याहून जास्त काही नको होतं.

कोणी घेऊ नये? क्लबकडे आधीच वाइड कॅमेरा असेल तर वेगळे पैसे घालवू नका, फक्त मूळ फाइल मागून घ्या. मुलीला स्वतःच्या क्लिप्स बघायचा कंटाळा असेल तरी नको, आई-बाबांनी निवडलेल्या क्लिप्स कोचला लगेच कळतात.

एक तारा कापला तो टॅगिंगसाठी आणि ऑटो रिन्यूअलसाठी. वर्ष संपायच्या आधी कॅन्सल केलं नाही तर पुढच्या वर्षीची पूर्ण फी कार्डावर पडते. कॅन्सल करायच्या आधी सगळ्या मॅचेस स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, कारण अकाउंट बंद झालं की कोचेसना पाठवलेल्या लिंकसुद्धा उघडत नाहीत.