अंगठ्यासाठी केलेली अलाइनमेंट: कंट्रोलरवर ‘फोर्झा होरायझन ५’

धुळ्याला पारोळा रोडवर एका टायरच्या दुकानात मी सात वर्षं व्हील अलाइनमेंट करतोय. टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर), कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा कल), कॅस्टर (बाजूने बघितलं तर स्टेअरिंगच्या आसाचा कल) हे शब्द दिवसभर तोंडात. म्हणून ‘फोर्झा होरायझन ५’मध्ये ट्यूनिंगचं पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा दुकानातलं मशीनच घरच्या टीव्हीवर आल्यासारखं वाटलं. गेम २०२१चा, प्लेग्राउंड गेम्सने केलेला, मेक्सिकोच्या रस्त्यांवरचा. शंभर जीबीच्या वर आहे, आमच्या नेटवर उतरायला दोन रात्री गेल्या. चित्रं किती देखणी आहेत हे बाकीचे सांगतातच. मी फक्त ट्यूनिंगबद्दल लिहितोय, तेही कंट्रोलरवर खेळणाऱ्यासाठी. व्हील-पेडलच्या सेटला पैसा लागतो आणि जागाही लागते. आमच्याकडची बहुतेक पोरं कंट्रोलरवरच खेळतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. कंपनीतून आली तशी गाडी घेतली तर ट्यूनिंगमध्ये टायरच्या हवेपलीकडे फारसं काही हलवता येत नाही. कॅम्बर-टो हवं असेल तर रेस किंवा रॅली स्प्रिंग बसवा, ब्रेक हलवायचे तर रेस ब्रेक, प्रत्येक गिअर वेगळा लावायचा तर रेस गिअरबॉक्स. हे मला आवडलं. दुकानातही तसंच असतं. बऱ्याच हॅचबॅकमध्ये कॅस्टर मशीनवर नुसता वाचायचा, फिरवायला बोल्टच नसतो. गिऱ्हाइकाला ते समजावून सांगता सांगता अर्धा तास जातो.

आता माझ्या दोन संध्याकाळी कशात गेल्या ते सांगतो, कारण हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. सुरुवातीचा कंट्रोलर मी जुना घेतला होता, एका दुकानातून, ‘एकदम चालू’ म्हणून. माझदा एमएक्स-५ घेतली, ए क्लासला ८०० वर (गेम गाडीच्या ताकदीला गुण देतो, त्या गटाची वरची हद्द) बसवली, आणि सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढायला लागली. थोडीच, पण सतत. माझ्या डोक्यात लगेच टो आला. पुढचा टो बदलला, मागचा बदलला, हवा बदलली. गेममध्ये डाव्या-उजव्या चाकाचा टो वेगळा लावताच येत नाही, पुढच्या जोडीला एक आकडा आणि मागच्या जोडीला एक. म्हणजे टोमुळे गाडी एकाच बाजूला ओढणार कशी? तिथे थांबलो. दुकानात अशी तक्रार आली की आम्ही पुढचे दोन टायर उजवा-डावा बदलून बघतो. ओढ टायरबरोबर दुसरीकडे गेली तर दोष टायरचा, तिथेच राहिली तर गाडीचा. तसंच केलं. लहान भावाचा वायरवाला कंट्रोलर लावला. गाडी सुतासारखी सरळ!

दोष स्टिकचा होता. अंगठा काढला तरी ती मधोमध परत येत नव्हती. गेमच्या कंट्रोल सेटिंगमध्ये स्टेअरिंगचा आतला डेडझोन असतो, म्हणजे मधला जेवढा भाग गेमने दुर्लक्षायचा तेवढा. तो १५ पर्यंत वाढवला तेव्हा ओढ गेली, पण मग बारीक वळण घ्यायला अंगठ्याला काही उरलंच नाही. शेवटी नवा एक्सबॉक्स कंट्रोलर घेतला आणि तोच आकडा ४ वर आणला. ट्यूनिंगच्या पानाला हात लावायच्या आधी गाडी सरळ रस्त्यावर न्या, अंगठा काढा आणि बघा. दुकानात आम्ही अलाइनमेंटच्या आधी हवा तपासतो, तसंच हे.

आता मुख्य मुद्दा. खऱ्या गाडीचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-साडेतीन फेरे फिरतं. स्टिक मधून कडेपर्यंत सेंटिमीटरभर सरकते. व्हीलवाल्याला चपळ वाटणारी गाडी अंगठ्याखाली थरथरते. नेटवर मिळणारी बरीचशी सेटिंग चपळाईसाठी केलेली असतात: पुढे थोडा टो-आउट (चाकांची तोंडं बाहेर; आत असली की टो-इन), मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीला कलू न देणारा दांडा) कडक, डिफरन्शियल (दोन चाकांत इंजिनची ताकद वाटणारा भाग) घट्ट. तीच जशीच्या तशी कंट्रोलरवर घेतली की वळणातून निघताना गाडीची शेपटी फिरते आणि माणूस म्हणतो, मला चालवता येत नाही. चालवता येतं. गाडी त्याच्या हातासाठी लावलेली नाही, एवढंच.

मी टोपासून सुरुवात केली. इथे एक घोळ होतो, तो आमच्या धंद्यातल्या माणसाचा आधी होईल. आमच्या मशीनवर टो-इन अधिकमध्ये दिसतो आणि गेममध्ये उणेमध्ये. मी सवयीने मागे +०.२ दिला, म्हणजे गेमच्या हिशोबाने टो-आउट, आणि गाडी पहिल्याच वळणावर शेतात. पुढे ०.० आणि मागे −०.१ केलं तेव्हा सरळ रस्त्यावर अंगठा किंचित हलला तरी नाक डगमगेना. कॅम्बर पुढे −१.५, मागे −१.०. हे अंदाजाने ठरवू नका. टेलिमेट्री, म्हणजे गाडी चालताना दिसणारे चाकांचे आकडे, पडद्यावर आणा, लांब वळण घ्या आणि बाहेरच्या चाकाचा कॅम्बर बघा. वळणाच्या मध्यावर तो शून्याच्या जवळ, जरासा उणे राहिला की टायर रस्त्यावर पूर्ण टेकलाय. आमच्याकडे टायर आतून खाल्ला की बोट फिरवून कळतं, इथे आकडा वाचायचा. कॅस्टर ५.० चा ६.० केला. त्याने सरळ रस्त्यावर गाडी जास्त स्थिर राहते आणि चाक वळवल्यावर कॅम्बरलाही मदत होते.

हवेकडे बहुतेक जण बघत नाहीत. तुम्ही लावता ती थंड टायरची, आणि दोन लॅपमध्ये टायर तापला की दोन-तीन पीएसआय वाढतात. मे महिन्यात खान्देशात गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दुपारी दोनला नागपूर-सुरत रस्त्यावरून आलेल्या गाडीची हवा आम्ही लगेच मोजत नाही. गेममध्ये उलटं करायचं: तापलेलीच वाचायची आणि त्यावरून थंड टायरचा आकडा ठरवायचा. एमएक्स-५ला मी २८ वर स्थिरावलो.

सर्वात जास्त फरक पडला डिफरन्शियलमुळे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेशनचं लॉक (वेग देताना दोन्ही चाकं किती बांधून ठेवायची तो आकडा) जास्त असेल तर दोन्ही मागची चाकं एकत्र घसरतात, आणि एकत्र घसरली की सावरायला वेळच मिळत नाही. कमी असेल तर आधी आतलं एकटं चाक फिरतं, इंजिनचा आवाज चढतो, आणि तेवढ्यात बोटाला ट्रिगर सोडता येतो. मी ७५ वरून ४५ वर आलो. मागचा अँटी-रोल बार ३१ वरून २५, पुढचा २४ च ठेवला. कन्नड घाट उतरताना ड्रायव्हर नागमोडी वळणावर जसं दमादमाने स्टेअरिंग सोडतो, तसा अंगठा सोडता यायला लागला. डॅम्पिंगवर, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरच्या कडकपणावर, मी वेळ घालवला नाही, बम्प (स्प्रिंग दबतानाचा) हा रिबाउंडच्या (स्प्रिंग परत उघडतानाचा) साधारण ६० टक्के ठेवला आणि पुढे गेलो.

ब्रेकचं मात्र सांगायलाच हवं. पेडलवर पायाचं वजन असतं, ट्रिगरवर नुसतं बोट. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी सोय) बंद करून खेळत असाल तर ब्रेक प्रेशर थोडं कमी करा, म्हणजे चाक अडकायची वेळ ट्रिगरच्या शेवटच्या टप्प्यात येते. मी ९० ठेवलंय. एक्सबॉक्स कंट्रोलरच्या ट्रिगरमध्ये स्वतंत्र कंपन आहे. चाक अडकायला लागलं की डाव्या बोटाला गुरगुर जाणवते, ॲक्सिलरेटरला चाक फिरलं की उजव्या. साध्या कंट्रोलरमध्ये ही खूण नसते. पैसे ठेवायचे तर इथे ठेवा. सेल मात्र दोन लागतात, चार्जिंगचे घ्या.

स्टेअरिंगचा प्रकार नॉर्मलवर ठेवा. सिम्युलेशनमध्ये गेम अंगठ्याचा झटका कमी सावरतो. महिनाभराने हात बसला की बदलून बघा.

शिकणाऱ्याला अडेल अशी एक गोष्ट आहे. दुसऱ्याचं सेटिंग नऊ आकडी कोड टाकून उतरवता येतं, पण त्यातले आकडे दिसत नाहीत. चालवता येतं, उघडून बघता येत नाही. मराठी गेममध्ये नाही, त्यामुळे ‘रिबाउंड’ म्हणजे काय हे नव्या पोराला कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. टेलिमेट्रीची अक्षरंही लांबून वाचायला बारीक आहेत, मी खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसतो. एवढं सोडलं तर ट्यूनिंगमध्ये मला खोटं काही सापडलं नाही. जे बदलतो त्याचा परिणाम रस्त्यावर दिसतो, आणि ज्या दिशेने दिसायला हवा त्याच दिशेने दिसतो. पाचपैकी साडेचार.

परवा लहान भावाने हीच गाडी घेतली आणि पहिल्याच वळणावर बाहेर गेला. आप्पा आतून ओरडले, “काय व्हयनं रे?” भावाचं म्हणणं, गाडी वळतच नाही. तो स्टिक एकदम कडेपर्यंत नेत नाही, अर्ध्यातच टिकटिक करत राहतो, म्हणून त्याला माझी गाडी जड लागते. मागचा बार पुन्हा २९ केला, पुढे टो +०.१ दिला, आणि तो माझ्यापेक्षा वेगात फिरून आला. आता एकाच एमएक्स-५ची दोन सेटिंग सेव्ह आहेत. एकाचं नाव ‘मोठा’, दुसऱ्याचं ‘लहान्या’.