‘आजीवन लायसन्स’च्या नावाखाली आमचे 47,000 रुपये गेले

गिरगावात चाळीतल्या एका खोलीतून आम्ही तिघे मित्र इंटरनेट रेडिओ चालवतो. सकाळी अभंग, दुपारी कथावाचन, संध्याकाळी नाट्यसंगीत आणि भावगीतं. ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचे. काहींची दृष्टी गेलेली आहे, त्यांना आमचा आवाज म्हणजे दिवसभराची सोबत. यंत्रसामग्री त्यांच्याच वर्गणीतून आली. पैसे माझ्या एकट्याचे असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण ते त्यांचे होते, म्हणून हे लिहितोय.

पहिली दोन वर्षं आमच्यापैकी एकजण कायम कॉम्प्युटरसमोर बसलेला असायचा. गाणं संपत आलं की पुढचं लावायचं. चहा ठेवायला उठलं तरी जीव टांगणीला. अशात लॅमिंग्टन रोडवर साउंड कार्ड घ्यायला गेलो असताना दुकानातच एका गृहस्थाने ओळख काढली. “काका, तुम्हाला ऑटोमेशन पाहिजे. मोठ्या एफएम स्टेशनांवर असंच असतं.”

दुसऱ्या दिवशी तो खोलीवर आला आणि लॅपटॉप उघडून बसला. त्याने दाखवलं त्यात काही खोटं नव्हतं. जिंगल, गाणं, वेळेची घोषणा, पुन्हा गाणं, अशी अख्ख्या तासाची रांग आधीच लावून ठेवता येते. प्रत्येक गाण्याला क्यू-इन म्हणजे कुठून सुरू व्हायचं ती खूण आणि शेवटाकडे पुढचं गाणं कधी उचलायचं ती खूण. एकच गायक लागोपाठ येऊ नये असा नियमसुद्धा घालता येतो. मी थक्क होऊन बघत राहिलो. खोटेपणा होता तो लायसन्समध्ये.

25,000 लायसन्सचे, तेही ‘आजीवन’. 5,000 शिकवण्याचे. 8,000 एका हार्ड डिस्कचे, तीन हजार जुनी मराठी गाणी, “सगळे राईट्स क्लिअर”. वर एक काळं डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावून ठेवायची लायसन्सची किल्ली, दिलं आणि बजावलं, हे काढलंत तर सॉफ्टवेअर बंद पडेल. पैसे त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर गेले. बिलावर जीएसटी नंबर नव्हता, आणि मी विचारलाही नाही. रामनवमीच्या दिवशी सगळं बसवून झालं.

पहिली शंका यायला हवी होती ती तानपुऱ्यावरून. नाट्यपदाच्या आधी तानपुरा हळूच सुरू होतो, मग पेटी सूर धरते, मग गायक आ लावतो. आमच्याकडे पद थेट गायकाच्या आवाजावर धाडकन सुरू होऊ लागलं. शेवटी विरत जाणारी सुरांची आसही कापली जायची. कराडच्या एका आजींचा फोन आला, “अहो, तुमच्या गाण्यांना दार उघडायला वेळच मिळत नाही.” त्याला विचारलं तर म्हणाला, “काका, सॉफ्टवेअर असंच आहे. प्रो व्हर्जन घ्या, वीस हजार.” खरं कारण साधं होतं. आवाज ठरावीक डेसिबलच्या वर गेला की तिथे सॉफ्टवेअर आपोआप क्यू-इन लावतं आणि त्याआधीचं सगळं शांतता समजून सोडून देतं. ती मर्यादा खाली आणायची आणि हळू सुरुवातीच्या गाण्यांना हाताने खूण करायची, एवढंच काम. हे रोज वापरणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. त्याला ठाऊक नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

आषाढी एकादशीला पहाटे सहाच्या अभंगांची रांग मी रात्रीच लावून ठेवली होती. सहा वाजता काहीच वाजलं नाही. स्क्रीनवर पाटी, ‘लायसन्सची मुदत संपली’, आणि खाली त्याचा मोबाइल नंबर. फोनवर त्याने रिन्युअलचे 9,000 मागितले. आजीवन लायसन्सचं रिन्युअल कसलं, हे विचारायचं त्या क्षणी सुचलं नाही. ऐकणारे खोळंबले होते. पैसे पाठवले. त्याने दुरूनच आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दोन मिनिटांत सगळं सुरू करून दिलं.

दसरा झाला आणि दोनच दिवसांनी पुन्हा तीच पाटी. आता 12,000. नशिबाने भाची घरी आली होती. “मामा, एक पैसा देऊ नका,” म्हणाली आणि शेजारी बसली. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करून घेणाऱ्या सोयीत, एक नोंद सापडली. ठरलेल्या तारखेनंतर दर मिनिटाला रेडिओचं सॉफ्टवेअर बंद करायचं आणि ती पाटी दाखवायची, एवढंच तिचं काम. नोंद बंद केली आणि सॉफ्टवेअर सुरू झालं. मग तिने डोंगल उपसलं. गाणं चालूच राहिलं. तो साधा पेनड्राइव्ह होता, आत फक्त लोगोचं एक चित्र. मूळ सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये खऱ्या निर्मात्याचं नाव तसंच होतं, आणि त्यांच्या साइटवर तीच आवृत्ती फुकट मिळत होती. निर्मात्यांचा यात काडीचा दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

गाण्यांच्या हक्कांचं तर त्याहून वाईट. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं चालतो, पण गीताचा कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं आणि चालीचा संगीतकाराच्या. म्हणजे रेकॉर्ड मोकळी झाली तरी शब्द आणि चाल मोकळी असतीलच असं नाही. ही परवानगी आयपीआरएस, पीपीएल यांसारख्या संस्थांकडून किंवा थेट हक्कधारकांकडून घ्यावी लागते. हार्ड डिस्क विकणारा ती देऊच शकत नाही. ती डिस्क आम्ही वापरातून काढली.

1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली आहे. पहिल्याच दिवशी केली असती तर पैसे थांबवता येण्याची शक्यता होती, आम्ही सहा महिने घालवले. बसवून देण्याचे, शिकवण्याचे पैसे घेणं गैर नाही. तसं सांगून मागितले असते तर आनंदाने दिले असते.

घेण्याआधी रेडिओडीजे, रिव्हेंडेल, लिब्रेटाइम हे फुकट मिळणारे पर्याय स्वतः उघडून बघा. विकतचं घ्यायचं तर लायसन्स तुमच्या नावाने थेट निर्मात्याकडून येऊ द्या. आणि अशी मुदतीची पाटी तुमच्या स्क्रीनवर आली असेल तर पैसे पाठवण्याआधी पाटीचा फोटो काढा, दुरून शिरायची त्याची सोय काढून टाका आणि टास्क शेड्युलर उघडून बघा. आमच्याकडे त्या नोंदीचं नाव ‘ऑडिओ अपडेट’ असं होतं.