टंगस्टन कार्बाइडचा डबा काठोकाठ भरलेला आला तर

फेब्रुवारी २०२५मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जगातलं बहुतेक टंगस्टन तिथलंच, त्यामुळे भाव चढले आणि ‘जुन्या भावाचा स्टॉक पडून आहे’ म्हणणारे फोन इथे बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत, सुरू झाले. त्यातल्या एकाने आम्हाला गंडवलं.

आमचं काम हार्डफेसिंगचं. मोरबीच्या टाइल कारखान्यांतून माती मळणारी पाती झिजून येतात. निकेल पावडरीत टंगस्टन कार्बाइडचा, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनच्या अतिशय कठीण संयुगाचा, दाणा मिसळून आम्ही त्यांवर प्लाझ्माच्या (अतितप्त वायूच्या) झोताने थर चढवतो. निकेल वितळतं, कार्बाइडचा दाणा तसाच राहतो आणि झीज तोच सोसतो.

हा गृहस्थ अस्खलित मराठी बोलणारा. लहानपण दांडिया बाजारात गेलं म्हणाला, “काका, आपल्या माणसाला कोण फसवतं?” नमुना पाठवला तो अस्सल, लॅबमध्ये पास झाला. माल आला तेव्हा ‘टेम्पो थांबलाय’ म्हणून दारातच उरलेले पैसे वळते करून घेतले.

पहिली शंका आमच्या वेल्डरला आली. “शेठ, आ डब्बो आखो भरेलो केम?” (हा डबा पूर्ण भरलेला कसा?) कार्बाइडची घनता घनसेंटिमीटरला १५.६ ग्रॅम, लोखंडाची ७.९. पंचवीस किलोचा खरा माल याच डब्यात अर्ध्यावर येतो. वरचा थर ठीक होता. तळाची पावडर काढून चुंबक लावला तर झुबका लटकला. शुद्ध कार्बाइडला चुंबक धरत नाही.

फोन केला, तर उत्तर तयार होतं: “त्यात कोबाल्ट आहे, चुंबक लागणारच.” कोबाल्टला चुंबक लागतो हे खरंच आहे, म्हणून तर ही थाप पचते. थोड्या वेळात मालातले घटक सांगणारं ‘सुधारित’ सर्टिफिकेटही आलं, कोबाल्ट १२ टक्के. कार्बन मात्र आधीचाच, ६.१३ टक्के! हा आकडा शुद्ध टंगस्टन कार्बाइडचा. १२ टक्के कोबाल्ट असेल तर तो ५.४च्या आसपास उतरायला हवा. बनावट करणाऱ्याने एकच ओळ बदलली होती.

मग मापाच्या नळीत पाणी घेऊन १०० ग्रॅम पावडर सोडली आणि नळी हलवून बुडबुडे काढले. शुद्ध कार्बाइडने पाणी साडेसहा मिलिलिटरच्या आत चढतं, कोबाल्टवाल्याने सातच्या आसपास. आमचं बारापर्यंत गेलं. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये टाकल्यावर फसफसून आलं, तेही लोखंडाकडेच बोट दाखवणारं. (ही परीक्षा उघड्यावर करा, निघतो तो हायड्रोजन असतो.) आणि नमुना विक्रेत्याकडून घेऊ नका, उतरलेल्या डब्याच्या तळातून स्वतः काढा.

पैशांपेक्षा मला चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. सेफ्टी शीट (मालाचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा कागद) मागितली तेव्हा हा म्हणाला होता, “कोळशाची भुकटी समजा, मास्कसुद्धा नको.” त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्यात कोबाल्ट असता, तर हा सल्ला जीवघेणा होता. कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइडची एकत्र धूळ फुप्फुसं कायमची निकामी करू शकते. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, २००६मध्ये हे मिश्रण ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं. कोबाल्टने कातडीला अ‍ॅलर्जीही होते. आमच्याकडे एअर गनने पावडर उडवायला आणि कोरड्या झाडूला बंदी आहे. ओल्या फडक्याने पुसायचं, चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ लावायचा, हातमोजे घालायचे, जेवणाआधी हात धुवायचे. रुमाल बांधून काही होत नाही. खरा पुरवठादार ही शीट न मागता पाठवतो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली निघाली. हे तपासायला मिनिटही लागत नाही.

परवा आमच्याच गल्लीतल्या एका शेडवाल्याने त्याला आलेलं सर्टिफिकेट दाखवलं. फर्मचं नाव वेगळं, तारीख नवी, आकडे तेच: कोबाल्ट १२, कार्बन ६.१३.